मागावरचे कामगार व्यसनाच्या उपचाराला का टाळतात?

पूर्वभाग_आरोग्य: सोलापूरच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग कामगारांमध्ये आम्ही आरोग्याचं काम करतो. दारू, ताडी सुटावी असं बऱ्याच जणांना मनापासून वाटतं. पण सिव्हिलला चला म्हटलं की "बघू की ओ, सण होऊ द्या." अडतं कुठे?

गोळी_आणि_गप्पा: पहिल्यांदा "इच्छाशक्ती नाही" हे डोक्यातून काढा. रोज पिणाऱ्याने कधी ना कधी स्वतःहून बंद करून पाहिलेलं असतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत घाम, मळमळ सुरू होते आणि हात इतके कापतात की तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येत नाही. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, बरळणं सुरू होतं. यात जीवही जातो. क्वार्टर घेतली की कापरं थांबतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं. उपचार म्हणजे तेच दिवस पुन्हा, आणि तेही परक्या ठिकाणी, असा त्याचा हिशेब.

डायझेपाम किंवा लोराझेपाम या मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या देऊन, मात्रा रोज उतरवत हा त्रास साधारण आठवड्या-दहा दिवसांत पार करता येतो, सोबत थायमिन (व्हिटॅमिन बी१) देतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आधी ते सांगा. या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मेडिकलमधून आणून देऊ नका. आणि न्यायचं म्हणून आदल्या दिवशी जबरदस्तीने बंद करायला लावू नका, फिट वाटेतच येईल.

ताडीवाल्यांचं वेगळं. तिच्यात क्लोरल हायड्रेट हे गुंगीचं रसायन मिसळलेलं असेल तर बंद केल्यावर फिट, भ्रम तसाच होतो. "ताडीच तर आहे" म्हणून केसपेपर काढताना लपवतात, तिथे घोळ होतो.

केसपेपर: दुसरं कारण खाडा. मजुरी बुडते, वर मालकाची उचल अंगावर. पण प्रत्येकाला भरती लागत नाही. पूर्वी फिट किंवा भास झालेले नसतील, दुसरा मोठा आजार नसेल आणि घरी लक्ष द्यायला माणूस असेल, तर बऱ्याचदा ओपीडीवर भागतं. शेवटची कधी घेतली, रोज किती, कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढं कागदावर लिहून न्या.

नाव फुटण्याची भीती असेल तर मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. दारू-ड्रग्जशी निगडित मानसिक स्थिती त्या कायद्यात येतात. गांजावाले पोलिसांना भितात. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४अ नुसार अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेणाऱ्यावर खटला चालत नाही. अर्धवट सोडला तर हे संरक्षण जाऊ शकतं.

पूर्वभाग_आरोग्य: आणि दारू सुटावी म्हणून घरचे जेवणात गुपचूप पावडर घालतात ती?

गोळी_आणि_गप्पा: अजिबात नको. त्यात डायसल्फिरम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि तो वर प्यायला, तर तोंड लाल होतं, बीपी कोसळतो, हृदयावर बेततं. कळल्यावर घरचं जेवण आणि डॉक्टर, दोन्ही तोडतो. ते औषध त्याला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं.

केसपेपर: तो यायला तयार नसेल तर घरच्यांनी १४४४६ हा व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर लावावा, फुकट आहे. आणि बोलायचं ते सकाळी, प्यायच्या आधी; रात्री नाही. घरात तेलुगू बोलत असतील तर तेलुगूतच बोलणारं कुणी सोबत न्या.