पोटगी थकली म्हणून बापाला आत टाकलं, तर पोराचं पोट भरतं का?

घाटकोपरी:
आमच्या खालच्या मजल्यावरचा एक जण शिफ्टवर रिक्षा चालवतो. बायको मुलाला घेऊन मुलुंडला माहेरी. मुलाची पोटगी महिना ४ हजार ठरली. दीड वर्ष भरली, मग पाय मोडला. तीन महिने घरात. नंतर मालकाचं रोजचं भाडं आणि उधारी फेडून हातात काही राहीना. नऊ महिने थकले, ३६ हजार. एका सकाळी हवालदार वॉरंट घेऊन दारात, हा बनियनवर दात घासत होता. महिनाभर आत राहून आला तोवर मालकाने रिक्षा दुसऱ्याला दिलेली. दर रविवारी मामा पोराला सोडून जायचा, बापलेक जिन्यात बसून भजी खायचे. ते चार रविवार पोराला सांगितलं, बाबा गावी गेलेत. आणि ३६ चे ४० झाले. पोराला यातून मिळालं काय?

चिवट_आई:
नऊ महिने पोरगा काय खात होता, ते नाही लिहिलंत.
माझ्या मुलीचा बापही असाच 'गरीब'. कोर्टात विरलेल्या कॉलरचा शर्ट घालून यायचा. वांद्र्याला फॅमिली कोर्टात ११ तारखा झाल्या, दर तारखेला माझा खाडा, मुलगी बाकड्यावर बिस्किटाचा पुडा घेऊन. वॉरंट निघालं आणि दोन तासांत त्याचा भाऊ रोख घेऊन हजर, नोटांना रबरबँड लावलेला. ११ तारखांना नव्हते ते पैसे कुठून उगवले? आत जायची भीती काढा, मग बघा कोण भरतंय.

घाटकोपरी:
भावाकडे होते म्हणून आले. ज्याच्या भावाकडेही नाहीत त्याचं काय?

खटपट्या:
ऐपत नव्हती तर पोर कशाला काढलं?

घाटकोपरी:
पाय मोडायच्या आधी काढलं हो.

वकीलकाका:
दोघंही थोडं थांबा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. त्यात शब्द आहेत 'पुरेशा कारणाशिवाय' न भरल्यास. म्हणजे नाही भरलं की थेट गजाआड, असं कायदा म्हणत नाही. पाय मोडला तर रक्कम कमी करून घ्यायला अर्ज करता येतो, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मागता येतो. पण आमची माणसं नोटीस फ्रिजवर ठेवतात आणि तारखेला जात नाहीत, तिथेच सगळं बिघडतं.
आणि आत राहून कर्ज फिटत नाही. कुलदीप कौर खटल्यात १९८८ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, कैद ही वसुलीसाठीची सक्ती, पैसे देणं त्यानंतरही उरतंच. १९९९ च्या शहादा खातून निकालाप्रमाणे एका अर्जावर एक महिन्यापेक्षा जास्त आत ठेवता येत नाही, पुढे परत अर्ज.

चिवट_आई:
परत अर्ज कोणी करायचा, काका? मीच ना. परत खाडा, परत बाकडं.

परळकर:
अमेरिकेत साऊथ कॅरोलिनात मुलाचे पैसे थकवल्याबद्दल एका बापाला १२ महिने आत टाकलं होतं. टर्नर विरुद्ध रॉजर्स, २०११. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, भरायची ऐपत आहे का हे नीट तपासायची सोय नसेल तर असं करता येणार नाही. आपल्याकडेही रजनेश विरुद्ध नेहा, २०२०: दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. मग वॉरंटआधी तेच नीट वाचलं तर 'नाही देत' आणि 'नाही देऊ शकत' वेगळे काढता येतील की.

चिवट_आई:
रिक्षावाल्याचं उत्पन्न प्रतिज्ञापत्रात कसं दिसणार? रोखीत येतं, रोखीत जातं. खरा नडलेला आणि नाटकी, दोघांचा कागद सारखाच. तपासायला बसलं की तारखा वाढतात, आणि मुलीची फी जूनमध्येच भरायची असते.

घाटकोपरी:
हे मात्र खरं. तरीही रिक्षा सुटल्यावर तो ४ हजार आणणार कुठून, ते सांगा. आता वॉचमनची नोकरी शोधतोय. कोणी विचारलं मागचा महिना कुठे होतास, तर काय सांगणार?

चिवट_आई:
आणि ती मुलुंडची बाई नऊ महिने कशी चालवत होती, विचारलंत कधी?

घाटकोपरी:
नाही. मामा रविवारी येतो तेवढीच ओळख.