रुग्णाच्या हक्कांना जबाबदाऱ्यांची अट घालता येते का?

वैशाली_कराड

आमच्या भागातल्या एका खाजगी रुग्णालयात हल्ली भरती करताना नातेवाइकांकडून एका पानावर सही घेतात. वर 'रुग्णाच्या जबाबदाऱ्या' असं लिहिलंय, खाली यादी: आजाराची खरी माहिती देईन, भेटीच्या वेळा पाळीन, कर्मचाऱ्यांशी नीट वागेन, बिल वेळेवर भरीन. इथवर माझी तक्रार नाही. पण शेवटची ओळ म्हणते, यातलं काही पाळलं नाही तर रुग्णालय 'पुढील सेवा देण्यास बांधील राहणार नाही'. माझा विरोध त्या ओळीला आहे.

अपघातात सापडलेल्याला आधी उपचार द्या, पोलिसी सोपस्कार मागून, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं, आणि ते सरकारी-खाजगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. पुढे १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधलं खेतमजूर समितीचं प्रकरण आलं. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं, कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. न्यायालयाने हा थेट जगण्याच्या हक्काचा भंग मानला. तो मजूर वागायला कसा होता, हा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही.

महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांच्या नोंदणीसाठीचा शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ पासून आहे. त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले. रुग्ण हक्कांची सनद आणि पंधरा सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे, तक्रार निवारणाची सोय ठेवायची, असं त्यात स्पष्ट आहे. जन आरोग्य अभियानासारख्या संघटना वर्षानुवर्षं मागे लागल्या तेव्हा कुठे हे झालं. आणि ती सनद भिंतीवर लागायच्या आधीच भरतीच्या टेबलावर हे दुसरं पान आलंय. रात्री अडीच वाजता आईला स्ट्रेचरवरून आत नेत असताना कुठला मुलगा शेवटची ओळ वाचून 'मी सही करत नाही' म्हणेल?

जबाबदाऱ्या आहेतच. पण त्या हक्कांची किंमत म्हणून वसूल करता येत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. विरोधी मत असेल तर जरूर मांडा, विशेषतः डॉक्टर मंडळींनी.

डॉ_विटा

मी तालुक्याच्या गावी वीस खाटांचं रुग्णालय चालवतो. ती ओळ मीही माझ्याकडे ठेवणार नाही. पण ती का लिहावीशी वाटते, हे ऐकून घ्या.

तुम्ही दिलेले दोन्ही निकाल मला मान्य आहेत. जीव वाचवायचा, बाकी नंतर. 'नंतर' म्हणजे काय ते मात्र कुठल्याच निकालात सापडत नाही. अल्सर फुटून रात्री आलेला रुग्ण, पोट कडक झालेलं, रक्तदाब लागत नाही. मी अनामत न घेता ऑपरेशन करतो. भूलतज्ज्ञ त्या रात्रीच पैसे घेऊन जातो, औषधवाला महिनाअखेर मागतो, सिस्टरचा पगार थांबत नाही. आठव्या दिवशी टाके कोरडे होतात आणि रुग्ण सकाळी खाटेवर नसतो. हे वर्षातून एकदा झालं तर मी सोडून देईन, पण ते तेवढ्यावर थांबत नाही.

धर्मादाय रुग्णालयांचं उदाहरण इथे कुणी तरी देणारच, म्हणून आधीच सांगतो. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात, त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची असते. त्यांना त्या बदल्यात सवलती मिळतात. मला मिळत नाहीत. सरकारी योजनेत माझं रुग्णालय नाही. मग समाजाने दिलेला हक्क मी एकट्याने माझ्या खिशातून का पुरवायचा? वैशालीताई, याचं उत्तर द्या.

सिस्टर_लातूर

मी सरकारी रुग्णालयात वॉर्ड सांभाळते. पैशांचा प्रश्न आमच्याकडे तसा येत नाही, तरी मी जबाबदाऱ्यांच्या बाजूने बोलणार आहे.

सकाळी ऑपरेशन आहे, रात्रीपासून पोटात काही द्यायचं नाही, असं आम्ही चार वेळा सांगतो. पहाटे आजी मायेने नातवाला बिस्किट भरवते. विचारलं तर 'काही नाही दिलं'. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर मूल दगावू शकतं. कुणी रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे हे सांगत नाही, कुणी बाहेरचं झाडपाल्याचं औषध लपवतं, घरातल्या बायकांसमोर दारूचं तर कुणीच कबूल करत नाही. तिसऱ्या दिवशी रुग्ण थरथरायला लागतो, भ्रमात बोलतो, आणि मग आम्हाला कळतं की रोजचं पिणं अचानक बंद झालंय.

हे कागदावर सही घेऊन सुधारत नाही, हे मात्र खरं. बाजूला घेऊन, पडदा ओढून, नवऱ्याला बाहेर पाठवून विचारलं तर बाई सांगते. साठ खाटांना रात्री दोघी असलो तर ते कधी करायचं? गुप्ततेचा हक्क सनदेत आहे, आणि वॉर्डात दोन खाटांमध्ये स्टूल बसत नाही. खरं सांगण्याची जबाबदारी रुग्णाने पाळावी असं वाटत असेल तर आधी ती जागा द्या.

अनघा_पुणे

सिस्टर, तुमचा प्रतिसाद फार महत्त्वाचा आहे. मी संमतीबद्दल लिहिते.

सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा एक निकाल आहे. एक महिला दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला आली होती. ती भुलेत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. न्यायालयाने सांगितलं, तपासणीची संमती म्हणजे उपचारांची संमती नव्हे, आणि जीव लगेच धोक्यात नसेल तर सज्ञान रुग्णाच्या वतीने दुसरं कुणी हो म्हणू शकत नाही. तरीही आपल्याकडे संमतीपत्र नवऱ्यापुढे किंवा मुलापुढे सरकवतात. तेही बऱ्याचदा इंग्रजीत, आणि कोऱ्या जागा सही झाल्यावर भरल्या जातात. ज्याला आपल्या शरीराचं काय होणार हे विचारलंच नाही, त्याच्याकडून 'डॉक्टरांच्या सल्ल्याचं पालन करीन' असं कसं लिहून घ्यायचं?

प्रशांत_ठाणे

डॉक्टर, तुमची अडचण खरी असेल. पण बिलापायी रुग्ण अडकवून ठेवणं, मृतदेह ताब्यात न देणं, हे प्रकार कुणी केले? नियमांनी त्याला बंदी आहे. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या गर्भवती महिलेच्या मृत्यूनंतर दहा लाखांच्या अनामत रकमेवरून केवढा क्षोभ उसळला, ते सगळ्यांनी पाहिलं. अनामत हीच रुग्णालयाची पहिली भाषा असेल तर लोकांनी विश्वास कशावर ठेवायचा?

माझ्या वडिलांच्या वेळी बिल थेट शेवटच्या दिवशी हातात आलं. 'कन्झ्युमेबल्स' (हातमोजे, सुया असं वापरून टाकायचं सामान) नावाखाली एकच मोठा आकडा. तपशील मागितला तर 'सिस्टीम बंद आहे'. केसपेपरच्या प्रती मागितल्या तर आठवडाभर फिरवलं. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. हे मला नंतर एका वकिलाने सांगितलं.

डॉ_विटा

प्रशांत, मृतदेह अडवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. तो गुन्हेगारासारखाच वागतो आणि त्याच्यामुळे आमच्या दारावर दगड येतात. बिलाच्या तपशिलाचंही पटलं. माझ्याकडे रोज संध्याकाळी त्या दिवसापर्यंतचा हिशेब नातेवाइकांना दाखवतो आणि सही घेतो. ती सही मला भरतीच्या पानापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण शेवटच्या दिवशी वाद राहत नाही.

पण दगडांबद्दल दोन शब्द. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात जमावाने एका तरुण निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभर निवासी डॉक्टर कामावरून उठले. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा त्याआधीपासून होता: तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, मोडतोडीची दुप्पट भरपाई. कायदा असूनही मार बसला. कर्मचाऱ्यावर हात उचलणाऱ्या नातेवाइकाला बाहेर काढण्याचा अधिकार रुग्णालयाला हवा की नको?

वैशाली_कराड

नातेवाइकाला बाहेर काढा, पोलिसांत द्या, २०१० चा कायदा लावा. खाटेवरच्या माणसाचं सलाईन चालू ठेवा. नातेवाइकाच्या वागण्याचा भुर्दंड रुग्णावर पडतो, म्हणूनच त्या ओळीला माझा विरोध आहे. पुतण्याने शिवी दिली म्हणून काकूचं डायलिसिस थांबवता येणार नाही.

बुडीत बिलाबद्दल तुम्ही विचारलंत, डॉक्टर. माझं उत्तर: तुमच्या खिशातून नाही. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. तातडीच्या वेळी आगाऊ पैसे न मागता उपचार द्यायचे, आणि रुग्णाने पैसे दिले नाहीत तर भरपाई सरकारने करायची, असं त्यात आहे. तिथल्या खाजगी डॉक्टरांनी दोन-अडीच आठवडे संप केला. शेवटी समझोत्यात पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांना त्यातून वगळण्यात आलं. मला तो शेवट पटलेला नाही, कारण छोट्या गावात रात्री उघडी असतात ती तुमच्यासारखी वीस खाटांचीच रुग्णालयं. पण भरपाईचं तत्त्व बरोबर आहे, आणि ते महाराष्ट्राने घ्यावं, ही मागणी डॉक्टर आणि रुग्णांनी मिळून करावी असं मला मनापासून वाटतं.

डॉ_विटा

मिळून मागायला मी तयार आहे, पण राजस्थानच्या डॉक्टरांवर रागावू नका. भरपाई किती दिवसांत येणार आणि कुठल्या दराने, हे लिहिलेलं नव्हतं म्हणून ते रस्त्यावर आले. योजनेखालच्या रुग्णालयांची देणी महिनोन्‌महिने अडकतात, हे इथलं चित्र आहे. रक्कम ३० दिवसांत, नाहीतर व्याज, एवढं कायद्यात लिहा, मी पहिली सही करतो. तोवर 'सरकार देईल' या भरवशावर मी भूलतज्ज्ञाला रात्री बोलवू शकत नाही.

माधव_नांदेड

या पानाची रीतसर तक्रार करायची तर कुठे? माझ्या बहिणीच्या गावातही तेच छापील पान वापरतात.

वैशाली_कराड

माधवदादा, आधी रुग्णालयाच्याच तक्रार निवारण कक्षात लेखी द्या आणि पोच घ्या. मग नोंदणी करणाऱ्या स्थानिक प्राधिकाऱ्याकडे: महापालिका असेल तर तिथले आरोग्य अधिकारी, बाहेर जिल्हा पातळीवरचे. त्या पानाचा फोटो जोडा, आणि शेवटच्या ओळीखाली रेघ मारा. दरफलक आणि सनद लावलेली नसेल तर तोही फोटो काढा, वेगळा मुद्दा म्हणून लिहा. मी माझा अर्ज सोमवारी देतेय. त्याचा मजकूर इथेच टाकते, हवा असेल त्याने नाव-गाव बदलून वापरावा.