पायथॉन: एका ओळीत भाव भरला, चारही ओळींत उमटला

सिन्नरकर
लासलगाव, पिंपळगाव, येवला आणि चांदवड या बाजार समित्यांचे कांद्याचे किमान, कमाल आणि सरासरी भाव ठेवायचे आहेत. म्हणून पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत चार ओळी, तीन रकान्यांची लिस्ट (यादी) केली (वाचायला सोपं जावं म्हणून कोड इथे देवनागरीत):

भाव = [[०] * ३] * ४
भाव[०][१] = २१००

मोजणी शून्यापासून, म्हणजे फक्त लासलगावचा कमाल भाव बदलायला हवा होता. प्रिंट केलं तर चारही ओळींत २१००. एरर काहीच नाही. चुकतंय कुठे?

गोदाकाठ
चार ओळी तयारच झालेल्या नाहीत. तीन शून्यांची लिस्ट एकदाच बनली आणि बाहेरच्या चारही घरांत तीच बसली. 'भाव[०] इज भाव[३]' (दोन्ही एकच वस्तू आहेत का) प्रिंट करून बघा, ट्रू म्हणजे 'हो' येईल. असं लिहा:

भाव = [[०] * ३ फॉर _ इन रेंज(४)]

यात दर फेरीला आतला कंस नव्याने चालतो, म्हणून चार वेगळ्या लिस्ट मिळतात. [०] * ३ तसंच राहू द्या. तिथेही तिन्ही घरांत एकच शून्य आहे, पण शून्याच्या आत बदल करताच येत नाही. २१०० टाकलं की त्या घरात दुसरी वस्तू येते, बाकीची घरं जिथल्या तिथे.

द्राक्षबाग
पुढची ठेच कालचे भाव जपताना लागेल. 'काल = भाव' हे त्याच लिस्टचं दुसरं नाव झालं. भाव.कॉपी() किंवा भाव[:] वापरलं तर बाहेरची लिस्ट नवी होते, पण आतल्या चार ओळी सामाईकच राहतात. आज भाव[०][१] बदलला की काल[०][१] सुद्धा बदललेला दिसणार. पायथॉनच्या कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी वापरा, ते आतल्या ओळींचीही नवी प्रत करतं. आत नुसते आकडे असतील तर [ओळ[:] फॉर ओळ इन भाव] एवढंही पुरतं.

सिन्नरकर
चाललं, आभार. फंक्शनला (नाव देऊन ठेवलेल्या कोडच्या तुकड्याला) लिस्ट दिली तर तिची कॉपी जाते ना?

गोदाकाठ
नाही, तीच लिस्ट जाते, आत फक्त नाव वेगळं, समजा 'ओळ'. आत 'ओळ.अपेंड(५)' किंवा 'ओळ += [५]' केलं तर बाहेरची लिस्ट वाढते. 'ओळ = ओळ + [५]' केलं तर नवी लिस्ट बनते आणि आतलं नाव तेवढं तिच्याकडे वळतं, बाहेर काही हलत नाही.

आणि फंक्शन बनवताना 'डेफ नोंद(दर, यादी=[])' असं, म्हणजे यादी दिली नाही तर रिकामी लिस्ट घ्या असं, कुठे लिहिलं असेल तर आजच काढा. ती रिकामी लिस्ट डेफची ओळ चालते तेव्हा एकदाच बनते, त्यामुळे फंक्शन आधी चालवलं तेव्हा भरलेले दर पुढच्या वेळी तसेच सापडतात. तिथे यादी=नन (नन म्हणजे 'काहीच नाही') ठेवा आणि नन आलं तर फंक्शनच्या आत नवी लिस्ट करा.