मापात पाप, आणि त्यानंतर काय?

मल्हारगंजकर
बाबा गेल्यावर दुकानाचा माळा आवरताना एक किलोचं लोखंडी वजन सापडलं. बुडाच्या खाचेतलं शिसं कोरून काढलेलं. आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, बाबा दर रविवारी पहिल्या बाकावर. पापकबुलीची प्रार्थना त्यांच्याइतक्या खड्या आवाजात कोणी म्हणत नसे.

आपल्याकडे पाप म्हटलं की दारू, सिनेमा, कुणाच्या पोरीचं लफडं. तराजूतलं पाप दिसत नाही. आणि पश्चात्ताप म्हणजे डोळ्यांत पाणी. हिब्रूत त्यासाठी येणारा 'शूव' हा शब्द म्हणजे माघारी वळणं. बायबलातल्या लूक १९ मधला जकातदार जक्कय रडल्याचं कुठे लिहिलेलं नाही. उभा राहिला नि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला लुबाडलं त्याला चौपट. माझ्या मते परत देता येण्यासारखं असून दिलं नाही, तर पश्चात्ताप झालाच नाही.

पोहे_बिना_जलेबी
भिया, राग मानू नका, मी तुमच्यातला नाही, फक्त कॉन्व्हेंटात शिकलेला. आमच्याकडे केलेलं भोगावं लागतं. तुमच्याकडे माफी मागितली की पाटी कोरी. बायबलातल्या दावीद राजाने आपल्याच सैनिकाची, उरीयाची बायको घेतली, त्याला ऐन लढाईत पुढे ठेवून मारवलं. मग त्याच्या नावावरच्या स्तोत्र ५१ मध्ये देवाला म्हणतो, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं. तुझ्याविरुद्ध*च*! उरीया कुठे गेला?

शाळाबाई
पाटी कोरी कुठे झाली? २ शमुवेल १२ वाचा. नाथान संदेष्टा एका दमात दोन्ही सांगतो: तुझं पाप देवाने दूर केलंय, आणि तलवार तुझ्या घरातून जाणार नाही. क्षमा झाली, भोग सुटले नाहीत.

पण मल्हारगंजकर, भांडण तुमच्याशीही आहे. येशू जक्कयाच्या घरी परतफेडीची पावती बघून गेला नव्हता. झाडावर बसलेल्याला हाक मारून, तुझ्याकडे उतरणार म्हणाला. चौपट नंतर आलं. तुम्ही आधी हिशेब मागताय.

पोहे_बिना_जलेबी
त्याच अध्यायात दावीदाचं तान्हं मूल मरतं, बाई. त्या लेकराचं पाप कोणतं?

शाळाबाई
उत्तर नाही माझ्याकडे. रविवारच्या शाळेत मुलांपुढे ते वाक्य मी घाईने वाचते, हेही कबूल.

लाल_डबा
दाखला इथलाच घ्या ना. सिस्टर रानी मारिया. आदिवासींना सावकारांच्या पाशातून सोडवत होत्या म्हणून १९९५ मध्ये इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकलं. २००२ मध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. माणूस बदलला, २००६ ला सुटला. त्याने काय परत द्यावं? जीव? चौपट?

पोहे_बिना_जलेबी
राखीपुढे हात जोडतो. माझ्याने झालं नसतं. पण ती बहिणीची माफी. जिचा जीव गेला, तिच्या वाटची माफी कोण देणार? पुन्हा उरीयाच.

मल्हारगंजकर
लाल_डबा, लागलं. म्हणूनच 'देता येण्यासारखं असून' लिहिलं होतं, पण ते तेवढं पुरत नाही, खरंय. शाळाबाई, क्रम मान्य. तरी मी किराणावाल्याचा पोरगा, हिशेबावाचून झोप येत नाही.

बायबलच्या 'गणना' पुस्तकात, ५ व्या अध्यायात नियम आहे: मुद्दल द्या, वर पाचवा हिस्सा, घेणारा नसेल, त्याचा नातलगही नसेल, तर याजकाकडे. उधारीच्या वह्या काढून बसलो. बरीच गिऱ्हाइकं वारली, काही पुण्याला गेली. रामबागेतल्या एका काकूंच्या सुनेकडे तूरडाळ घेऊन गेलो, कारणही सांगितलं. ती म्हणाली, "सासूबाई म्हणायच्याच, तुमच्याकडची डाळ घरी येईस्तोवर आटते."

लाल_डबा
म्हणजे त्यांना माहीत होतं!

मल्हारगंजकर
माहीत होतं, आणि वीस वर्षं आमच्याकडूनच घेत होत्या. उधारी मिळायची ना.

शाळाबाई
आणि ते वजन?

मल्हारगंजकर
कपाटात. भंगारवाल्याला देणार होतो, पण तो त्यानेच रद्दी तोलेल.