संघटनेची वर्गणी भरणे कामगाराच्या हिताचे आहे का?

रात्रपाळी (प्रश्न)

आमच्याकडे मान्यताप्राप्त कामगार संघटना आहे आणि तिची मासिक वर्गणी सभासदांच्या पगारातून परस्पर कापली जाते. मी अद्याप सभासद झालेलो नाही. गेल्या करारातील पगारवाढ मलाही सभासदांइतकीच मिळाली. मग वर्गणी भरून मला वेगळे काय मिळणार, हा प्रश्न आहे. सहकाऱ्यांच्या पैशांवर आपण लाभ घेत आहोत, ही बोचणीही आहे. दुसरीकडे, पदाधिकारी करार जवळ आल्यावरच दिसतात, हेही खरे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना सभासद

पगारवाढ सर्वांना सारखी मिळते, यामागे कारण आहे. बिगरसभासद कामगार स्वस्तात मिळू लागले, तर पुढची भरती त्यांचीच होईल. म्हणून वेगळा पगार संघटनेलाच परवडत नाही. हा पेच जुना आहे. कॅनडात विंडसर येथील फोर्डच्या कारखान्यात १९४५ साली झालेल्या संपानंतर लवाद म्हणून नेमलेले न्यायमूर्ती आयव्हन रँड यांनी १९४६ मध्ये असा निवाडा दिला, की सभासदत्वाची सक्ती कोणावरही नको, मात्र कराराचा लाभ घेणाऱ्या प्रत्येकाने वर्गणी भरावी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत याच्या उलट निर्णय दिला आणि सभासद नसलेल्यांकडून सक्तीने शुल्क घेणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवला. सक्तीबद्दल मतभेद असू शकतात. परंतु जेथे सक्ती नाही, तेथे संघटनेची ताकद स्वेच्छेने आलेल्या वर्गणीवरच अवलंबून असते, आणि वाटाघाटींना बसताना मागणीपत्रामागे किती सभासद आहेत हे व्यवस्थापन नेमके पाहते.

तरीही वर्गणीचे मोल मला पगारवाढीपेक्षा खातेनिहाय चौकशीत अधिक जाणवले. आमच्या एका सहकाऱ्याला यंत्राचे नुकसान केल्याचे आरोपपत्र मिळाले होते आणि तो घाबरून माफीपत्र लिहून द्यायला निघाला होता. संघटनेच्या प्रतिनिधीने त्याला काहीही लिहून देण्यापासून थांबवले, यंत्राच्या देखभालीची नोंदवही चौकशीत मागवून घेतली, आणि त्याच यंत्राबद्दल आधीच्या पाळीने केलेली तक्रार त्या वहीत सापडली. आरोप मागे घेतला गेला. एकट्या कामगाराला नोंदवही मागण्याचे सुचतही नाही, आणि सुचले तरी धीर होत नाही.

कंत्राटी

माझा अनुभव वेगळा आहे. मी वर्गणी भरत होतो, पण करार केवळ कायम कामगारांना लागू होता आणि मागणीपत्रात कंत्राटी कामगारांचा साधा उल्लेखही नव्हता. ज्या संघटनेच्या मागण्यांत आपण नाही, तिला पैसे देणे मला पटले नाही, म्हणून मी थांबवले. आपण कायम असाल, तर आपले गणित निराळे असेल.

हिशेबनीस

मी एका संघटनेचे हिशेब पाहिले आहेत, म्हणून वर्गणीचे पुढे काय होते ते सांगतो. कार्यालय, वकिलांचे शुल्क, प्रतिनिधींचा प्रवास, महासंघाला द्यायचा वाटा आणि संप निधी ही मुख्य खाती. यांपैकी संप निधी सर्वांत महत्त्वाचा, कारण संपकाळात पगार बंद असताना घर चालवायला थोडाफार आधार त्यातूनच मिळतो. 'आमच्यापाशी एवढे बळ आहे' हे व्यवस्थापनाला ठाऊक असले, तर अनेकदा संपाची वेळच येत नाही.

दुसरी गोष्ट स्वातंत्र्याची. संघटनेला अंकित करण्याच्या हेतूने मालकाने तिला पैसा पुरवणे, हा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४९ च्या ९८ व्या करारानुसार संघटनेच्या कारभारातील हस्तक्षेप ठरतो. सभासदांनी खर्च उचलला नाही, तर तो दुसरा कोणीतरी उचलेल आणि मग त्याचेच ऐकावे लागेल.

परंतु डोळे झाकून वर्गणी भरावी, असे मी मुळीच म्हणणार नाही. गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद मागा. निवडणूक शेवटची कधी झाली, राजकीय कामासाठी पैसा खर्च होतो का आणि होत असल्यास त्याचा निधी वेगळा ठेवला जातो का, हे विचारा. ब्रिटनमध्ये १९१३ च्या कायद्यापासून असा स्वतंत्र राजकीय निधी बंधनकारक आहे, आणि ती पद्धत मला योग्य वाटते. 'कंत्राटी' यांनी मांडलेला मुद्दाही रास्त आहे; मात्र मागणीपत्र ठरवणाऱ्या सभेत मतदान सभासदांनाच करता येते, त्यामुळे बाहेर पडल्याने तो प्रश्न मांडणारे एक मत कमी झाले.

रात्रपाळी

सर्वांचे आभार. ताळेबंद मागतो. आणखी एक शंका: अडचण आली की तेव्हा सभासद झाले, तर चालेल का?

हिशेबनीस

बहुधा नाही. सभासद होण्यापूर्वी उद्भवलेले प्रकरण अनेक संघटना हाती घेत नाहीत. आपल्या संघटनेचा नियम तिच्या घटनेत लिहिलेला असेल. ताळेबंदाबरोबर घटनेची प्रतही मागून घ्या.