'झापड' म्हणजे झोप की पडलेली पापणी?

रंकाळाकाठ: गगनबावडा-शाहूवाडीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी सर्पदंशाच्या रुग्णाला विचारायचे प्रश्न मराठीत करतोय. एका ओळीत अडलोय. मण्यारीच्या विषानं वरची पापणी खाली येते, उचलता येत नाही. मी लिहिलं, "डोळ्यांवर झापड येते का?" त्यावर उत्तर येतं, "व्हय, रातभर झोप न्हाई." दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेडी: 'पापणी जड होते' म्हटलं तरी झोपच. 'लवते' म्हटलं तर शुभ-अशुभ सुरू. 'पापणी पडते' त्यातल्या त्यात बरं.

शुद्धलेखक: 'वर्त्मपात' लिहा. आयुर्वेदात पापणीला वर्त्मच म्हणतात.

वॉर्डवाला: पहाटे तीनला वर्त्मपात कोण विचारणार? शब्द सोडा, कृती लिहा. डोकं न हलवता वर बघायला लावा आणि तसंच धरून ठेवायला सांगा. पापण्या सावकाश खाली घसरतात. कपाळाला आठ्या घालून, हनुवटी वर करून बघत असेल तरी तेच. मग थुंकी गिळता येते का बघा. एका श्वासात आकडे मोजायला लावा. दर खेपेला आकडा कमी भरत असेल तर श्वासाचे स्नायू थकत चाललेत, तिथं थांबायचं नाही. आणि डोळे मिटलेत म्हणून कागदावर 'गुंगीत' लिहू नका. तो शुद्धीवर असू शकतो, तुमचं सगळं बोलणं ऐकत असतो.

शाहूवाडीकर: त्याआधी तुमचा पहिला प्रश्नच फसणार. "साप चावला का?" अंधार पडल्यावर साप हा शब्द कोण उच्चारतंय? 'पान लागलं', 'लांबडं चावलं', नाहीतर नुसतं 'जनावर'. 'जनावर चावलं' ऐकून नवखा माणूस कुत्र्याच्या इंजेक्शनाच्या रांगेत पाठवतो.

शब्दवेडी: 'पान लागणे' सुंदर आहे! नागवेलीचं पान, म्हणून नाग. नाव झाकलंही आणि सांगितलंही.

पंचगंगेचा: ओढूनताणून. दृष्ट लागते, भूत लागतं, तसंच हे 'लागणं'. पान म्हणजे पाचोळ्यातलं.

शुद्धलेखक: नोंदवहीत मात्र 'सर्पदंश' हवं. उद्या कोणी 'पान लागले' लिहिलं तर विड्याची केस होईल.

वॉर्डवाला: वहीत सर्पदंश, तोंडी पान, भांडण मिटलं. पण मण्यारीत दोन्ही हुकतात. दात लागल्याची खूण सापडतेच असं नाही, सूज नाही, दुखणंही फारसं नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ येऊन उठतो, त्याला 'पित्त' म्हणून गोळी मिळते. कुठं झोपला होता, हे विचारा. दुसरी ओळही बघा : "रक्त साकळतं का?" इकडे साकळणं म्हणजे मार लागून काळंनिळं होणं. तुम्हाला विचारायचंय २० मिनिटांच्या चाचणीचं, म्हणजे काढलेलं रक्त नळीत घट्ट होतं का ते.

रंकाळाकाठ: मग 'गोठतं का'?

शुद्धलेखक: गोठतं ते थंडीनं. तूप थिजतं, पाणी गोठतं, रक्त साकळतं. प्रमाण अर्थ सोडू नका.

वॉर्डवाला: मग इथंही कृतीच लिहा. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत शिरेतलं २ मिली ताजं रक्त. २० मिनिटं धक्का न लावता उभी ठेवा, मग एकदाच तिरकी करा. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष काम करतंय. प्लास्टिकची नळी, किंवा साबणानं धुतलेली, चालत नाही. चांगलं रक्तही त्यात पातळ राहतं आणि विनाकारण औषध चढतं.

शाहूवाडीकर: घोणस म्हटलं तर 'डुरक्या घोणस' पण घोणसच. बिनविषारी. नातेवाईक नुसतं 'घोणस' म्हणून सांगतात.

वॉर्डवाला: म्हणून नावावर जायचं नाही, लक्षणांवर. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच. सुरुवात साधारण १० कुप्यांनी, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापानं विष वजन बघून सोडलेलं नसतं. जवळ अॅड्रिनलिन भरून ठेवायचं. लसीचीच रिअॅक्शन येते.

पंचगंगेचा: 'लस' कशी? लस आधी टोचतात. हे 'प्रतिविष'.

शब्दवेडी: 'उतारा' म्हणा की. विषावर उतारा, अस्सल मराठी.

शाहूवाडीकर: अजिबात नको. "उतारा दिला काय?" विचारलं तर "दिला की, तिकटीवर ठेवून आलो, लिंबू-भात" म्हणतील, आणि थोरल्या दवाखान्यात न्यायचं राहील.

शब्दवेडी: पण मूळ अर्थ कुठला आधीचा, लिंबाचा की विषाचा?

रंकाळाकाठ: पापणीचं अजून ठरलं नाही हो.

पंचगंगेचा: 'उतरणे'पासून दोन्ही. आधी विष उतरलं, मग लिंबू उतरवलं.