माळेगावची जत्रा म्हणजे ‘नुसती धूळ’?

लोहेकर
काल इथं एकानं आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या जत्रेबद्दल लिहिलं, “माळेगावला घोडे बघायला जाऊ नका. धूळ आणि गर्दी, बाकी काही नाही. सारंगखेडा गाठा, तंबूत राहता येतं, शर्यती बघायला मिळतात.” वाचून डोकं फिरलं.

सारंगखेड्याला नावं ठेवत नाही. तापीकाठची दत्तजयंतीची जत्रा, तिचा मान मोठाच. पण तिचं माप माळेगावला लावू नका. आमचा खंडोबा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीचा, घोडेबाजार त्याच्या आधीच भरू लागतो. तुम्ही ऐन देवस्वारीच्या, म्हणजे खंडोबाच्या पालखीच्या, दिवशी दुपारी उतरणार, मग येळकोटाच्या गर्दीत घोडा दिसणार कुठून?

आधी या, सकाळी या. गिऱ्हाईक पहिलं ओठ वर करून दात बघतं. पाच वर्षांत दात पुरे होतात, त्यापुढं वय ओळखायला जाणती नजर लागते. मग अंगावरचे केसांचे भोवरे. कपाळावरचा शुभ की मानेवरचा खोडीचा, यावर चहा गार होईस्तोवर वाद. मग रेवाल चालीत, म्हणजे स्वाराला हिसके न देणाऱ्या भरभर चालीत, फिरवून बघायचं आणि शेवटी रुमालाखाली बोटं धरून भाव. परतताना लोह्याहून कंधारला वळा. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं गाव, किल्ल्याला पाण्याचा खंदक. हे सोडून तुम्ही तंबू शोधता?

परतीचा_प्रवासी
ते मीच लिहिलं होतं आणि त्यावर ठाम आहे. आई-बहिणीला घेऊन गेलो होतो. बायकांसाठी धड आडोसा नाही. बहिणीनं दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही, का ते तुम्हीच समजून घ्या. भोवरे बघत उभं राहायचं कौतुक पुरुषांना. आणि उन्हात बांधलेल्या घोड्यांपुढं तोबरा होता, पाण्याची बादली नव्हती. त्यावर लिहा की दोन ओळी.

मन्याडकाठ
घोडे घोडे काय लावलंय कामून? माळेगाव बैलांचं हाय. लाल कंधारी जातीची बैलं जिथली, तिथं बैलबाजार वसरत चाललाय, ते कुणाला दिसंना. २०१५ च्या कायद्यानं बैलाच्या कत्तलीवर बंदी आली. थकलेला बैल इकायचा कुणाला? माझ्या बापानं शेवटची जोड दावणीलाच सांभाळली, कडबा इकत घेऊन. मग नवी जोड कोण घेणार? ट्रॅक्टरच येणार.

देवणीप्रेमी
सगळं कायद्यावर ढकलू नका. आमच्याकडं बैल त्याच्या कितीतरी आधीपासून कमी झाले. वाटण्या होऊन दोन-अडीच एकरांवर आलेला माणूस वर्षभर जोड पोसेल कशी? आणि ज्या बैलानं जन्मभर औत ओढलं त्याला म्हातारपणी कसायाकडं धाडायचं, हे मला तरी पटत नाही.

मन्याडकाठ
पटत नसंल तर तुमच्या दावणीला बांधा. पत्ता द्या, आणून सोडतो! शंकरपट, म्हंजी बैलांच्या शर्यती, पुन्हा चालू झाले, २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं कायमचं मान्य केलं, लई गुलाल उधळला. पटाचा खोंड घेणारा मिळतो, नांगराचा बैल घेणारा मिळत नाही. ही गत हाय.

देवणीप्रेमी
दावणीला दोन म्हातारे आहेतच माझ्या. दुसऱ्याच्या घरात न बघता बोलायचं नाही. पटाचं म्हणाल तर, पटामुळं निदान चांगला वळू तरी कुणीतरी सांभाळतंय.

मन्याडकाठ
वळूचं तेवढं खरं. बाकीचं नाही.

लोहेकर
धागा घोड्यांचा होता, मंडळी. प्रवासीभाऊ, आडोशाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, तिथं मला बोलायला तोंड नाही. पाण्याचंही. पण म्हणून ‘जाऊ नका’ कसं म्हणता? लोक यायचे थांबले की व्यापारीही यायचे थांबतील, मग सोय मागायची कुणासाठी?

परतीचा_प्रवासी
सोय आधी, माणसं नंतर. पुढच्या वर्षी एकटा येईन, चतुर्दशीच्या आधी, तुम्ही म्हणता तसा सकाळी. आईला आणणार नाही. आणि नंतर काय लिहायचं ते मी ठरवीन.